जुन्या मोटरबोटीचा लाकडी डॅश आणि वायरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये मूळ काम जुन्या जीप-मोटारींच्या वायरिंगचं. सुतारकाम मामा बघतात. एका गिऱ्हाइकानं जीपसोबत ट्रॉलीवर लाकडी मोटरबोट आणून टाकली आणि आम्ही त्या नादाला लागलो. आता फोनवर रोज तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय.

कोल्हापुरात कसली आलीय मोटरबोट?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, तोही कोल्हापूरकरांकडूनच. महापुरात गुळाच्या काहिलीतून माणसं काढणारी आपली माणसं, त्यांना मोटरबोट म्हटलं की हसू येतं. पण राधानगरी, काळम्मावाडी, तुळशी अशी मोठी पाणी जिल्ह्यात आहेत, अंबा घाट उतरला की रत्नागिरी. जुन्या वाड्यांच्या गॅरेजमध्ये, कोकणातल्या कुणाच्या तरी मांगरात अशा बोटी ताडपत्रीखाली पडून असतात. शिवाय उद्यमनगरात एका हाकेवर लेथ, फाउंड्री, प्लेटिंग मिळतं आणि टिंबर मार्केट काही लांब नाही. पाणी लांब असलं तरी कारागीर जवळ आहेत.

पहिलं काम कोणतं? डॅश काढू की वायरिंग?

दोन्ही नाही. आधी बॅटरी सोडवा, मग फोटो काढा. समोरून, मागून, खालून, टॉर्च लावून. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधा आणि वहीत नकाशा काढा. चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहा. पहिल्या बोटीला मी चिकटपट्टीवर बॉलपेननं लिहिलं होतं. मे महिन्याच्या घामानं आणि हाताच्या ग्रीसनं पंधरा दिवसांत सगळं पुसलं. मग चोवीस वायरी मल्टिमीटर घेऊन एकेक शोधत बसलो.

त्या बोटीचा डॅश उघडला तेव्हा मागं काय होतं ते सांगतो. सगळ्यात खाली सुती वेष्टणाच्या मूळ वायरी, हात लावला की भुगा. त्यांच्यावर कुणीतरी नंतर ओढलेल्या लाल प्लॅस्टिकच्या. त्यांच्यावर घरातल्या टेबलफॅनची पांढरी दुपदरी वायर, पीळ देऊन काळी पट्टी गुंडाळलेली. आणि या सगळ्याच्या मधोमध कुंभारणीचं मातीचं घर. म्हणजे तीन मिस्त्री आणि एक माशी. डॅश आणि वायरिंग ही दोन कामं वेगळी धरू नका ती याचसाठी. लाकूड एकदा पॉलिश होऊन बसलं की मागं हात घालणं नको वाटतं, आणि मग तशाच पीळ दिलेल्या जोडण्या पुढची वीस वर्षं राहतात.

आमच्याकडं ठरलेलं आहे: समोरून जुनं, मागून नवं. ज्याला डोळा लागतो ते जुनंच ठेवायचं, ज्याला करंट लागतो ते सगळं नवं करायचं.

डॅश कोणत्या लाकडाचा आहे हे कसं कळणार?

मीटर काढा आणि भोकाची कड बघा. थर दिसले तर प्लायवर व्हीनियर, म्हणजे चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा आहे, सलग रेषा दिसली तर भरीव फळी. मागच्या बाजूला, न दिसेल अशा जागी पटाशीनं केसाएवढी साल काढा. सागवान असेल तर तेलकट लागतं आणि चामड्यासारखा वास येतो. शिसव जड, गडद, काळ्या रेषांचं. महोगनी तांबूस, उघड्या छिद्रांची. अमेरिकन बोटींत ‘फिलिपाइन महोगनी’ म्हणून जे लाकूड वापरलं जाई ते खऱ्या महोगनीच्या कुळातलं नव्हे. रंगरूप सारखं म्हणून ते नाव पडलं. त्यामुळे नवा तुकडा जोडताना नावावर जाऊ नका, रेषा आणि रंग जुळवा.

जुनं पॉलिश कसं काढायचं?

काढायच्या आधी ते कशाचं आहे ते बघा. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन कोपऱ्यात टेकवा. चिकट झालं तर चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. स्पिरिटला दाद न देता थिनरला विरघळलं तर लॅकर. दोन्हीला ढिम्म राहिलं तर व्हार्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेन).

पहिली दोन त्या-त्या द्रवानंच निघतात. व्हार्निशला हॉट एअर गन आणि बोथट पट्टी. मामा शेवटचा हात काचेच्या तुकड्यानं देतात. ताज्या फुटलेल्या काचेची धार लाकडावरून ओढली की पिठासारखा पातळ थर निघतो, रेषेला धक्का लागत नाही. व्हीनियरवर मात्र सँडरचं मशीन चालवू नका. बऱ्याच व्हीनियरची जाडी अर्धा मिलिमीटर असते. एका कोपऱ्यात मशीन दोन सेकंद थांबलं की खालचा प्लाय डोळे वटारून बघतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडी धूळ उडवू नका, ओला पॉलिशपेपर वापरा आणि मास्क लावा.

स्क्रूभोवती काळे डाग पडलेत. घासून जात नाहीत.

जाणार नाहीत. लोखंडी स्क्रूचा गंज आणि लाकडातला टॅनिन एकत्र आला की तो काळा रंग होतो, शाईसारखाच. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. कोमट पाण्यात विरघळवून ब्रशनं पूर्ण फळीला लावा, नुसत्या डागाला नको, नाहीतर तिथं पांढरा चट्टा उठतो. वाळलं की भरपूर पाण्यानं दोन-तीनदा धुवा. हे विषारी आहे. हातमोजे घाला, वाळलेली पांढरी पूड झटकून नाकात घेऊ नका. नंतर लोखंडी स्क्रू परत लावले तर सगळं मुसळ केरात. डॅशला पितळी स्क्रू लावा, तेही एका खाचेचे. फुलीचे स्क्रू जुन्या डॅशवर लांबून खटकतात.

तडे आणि नको असलेली भोकं?

लहान तड्यात लांबी (पुट्टी) भरू नका, दोन पावसाळ्यांत ती सुटून येते. त्याच लाकडाची पाचरीसारखी चीप काढून दोन भागांच्या इपॉक्सीत बुडवून बसवा आणि रंध्यानं सपाट करा. सागवान तेलकट असल्यानं चिकटवायच्या जरा आधी ॲसिटोननं पुसून घ्यावं लागतं, नाहीतर जोड धरत नाही.

मधल्या काळात कुणी तरी कॅसेट प्लेयर बसवलेला असतो, त्याचं चौकोनी भगदाड ही नेहमीची गोष्ट. तिथं ठिगळ लावताना रेषेची दिशा जुळली पाहिजे, जोड अगदी दिसेनासा झाला नाही तरी चालतं. डॅश इतका गेला असेल की नवाच करायचा, तर साधा प्लाय घेऊ नका. आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या आणि त्यावर व्हीनियर लावा. छोट्या मीटरला साधारण ५२ मिलिमीटरचं आणि मोठ्याला ८५ चं भोक लागतं, पण मीटर हातात घेऊन मोजल्याशिवाय भोक पाडायचं नाही.

पॉलिश कोणतं करू? पावसाळ्यात केलं तर चालेल?

चपडा दिसायला सगळ्यात देखणा, पण पाण्याचा थेंब पडला की पांढरा डाग. घरच्या कपाटाला करा, बोटीला नको. फर्निचरवाले जे आतलं पीयू मारतात ते उन्हात पिवळं पडून पापुद्रे सोडतं. बोटीला ऊन सोसणारं मरीन व्हार्निश किंवा बाहेरच्या वापराचं पीयू लागतं. पहिला हात अर्ध्याला अर्धं थिनर घालून, म्हणजे तो लाकडात मुरतो. पुढचे घट्ट. आम्ही सात-आठ हात देतो, मध्ये ३२० नंबरचा ओला पेपर.

फळीची मागची बाजू आणि भोकांच्या कडा तितक्याच निगुतीनं बंद करा. समोरच व्हार्निश आणि मागं कोरडं लाकूड राहिलं की ओल एकाच बाजूनं शिरते आणि फळी पन्हळीसारखी वाकते. मीटरच्या काचा त्यामुळेच तडकतात, आणि लोक मीटरला दोष देतात.

जून ते सप्टेंबर व्हार्निशचं नाव काढू नका, थर ढगाळ होतो. दिवाळीनंतर हवा चांगली कोरडी असते, पण आपल्याकडं तेव्हाच गळीत हंगाम सुरू होतो आणि रानात पाचट पेटतं. एकदा संध्याकाळी शेवटचा हात देऊन शटर अर्धं उघडं ठेवलं. सकाळी बघतो तर आरशासारख्या डॅशवर पाचटाच्या काजळीचे काळे पिसारे चिकटलेले, मोजून अकरा. मामा काही बोलले नाहीत, नुसता पेपर हातात दिला. तेव्हापासून प्लॅस्टिकचा तंबू, खाली फरशी ओली, आणि सकाळी दहाच्या आत डबा उघडायचा नाही, कारण दव.

जुनी मीटर दुरुस्त होतात का?

बहुतेक होतात. तीन गोष्टी जपा.

तेलाच्या दाबाचं आणि पाण्याच्या तापमानाचं जुनं मीटर विजेवर चालत नसेल तर त्याच्या मागून बारीक तांब्याची नळी निघते. ती वायर नव्हे. तापमानाच्या मीटरच्या नळीत इथर भरलेलं असतं, नळी कापली की मीटर मेलं. मी एक कापलीय, म्हणून सांगतोय.

दुसरं, आकडे अंधारात चमकण्यासाठी रंगवलेले असतील तर मीटर उघडू नका, आकडे खरवडू तर मुळीच नका. १९६० च्या आसपासपर्यंत त्या रंगात रेडियम वापरत. चमक जाते कारण रंगातलं चमकणारं रसायन थकतं. रेडियम मात्र तसंच असतं, त्याचं निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात.

तिसरं, पेट्रोलचं मीटर आणि टाकीतला फ्लोट एका जातीचे हवेत. अमेरिकन पद्धतीत टाकी रिकामी असताना २४० ओहम आणि भरलेली असताना ३३. युरोपियन पद्धतीत रिकामीला १० आणि भरलेलीला १८०. अदलाबदल झाली की टाकी भरली की काटा खाली. ‘मीटर बिघडलंय’ म्हणून आलेल्यांपैकी निम्मे हेच निघतात.

अँपिअर मीटरबद्दल माझं मत वेगळं आहे. त्यातून बोटीचा जवळजवळ सगळा करंट डॅशमागं, लाकडाला खेटून जातो. मी त्याचा चेहरा तसाच ठेवतो आणि आत व्होल्ट मीटरचं यंत्र बसवून घेतो. मूळचंच हवं असा हट्ट असेल तर निदान जाड वायर आणि घट्ट नट.

गाडीचं वायरिंग करणारा चालेल का?

मी तोच आहे, त्यामुळे चालेल म्हणावंच लागेल. पण गाडीचा हात बोटीवर तसाच चालवला की फसगत होते. गाडीत एक वायर दिली की परतीचा करंट पत्र्यातून येतो, बॉडी अर्थ. लाकडातून करंट येत नाही. बोटीत प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मीटरला जाणारी एक आणि येणारी एक अशा दोन वायरी लागतात. डॅशमागं पितळी पट्टी ठोकून सगळ्या परतीच्या वायरी तिथं आणा आणि तिथून एक जाड केबल बॅटरीकडं. एक मीटर बिनकामाचं दिसलं की आधी हीच बाजू तपासा.

वायर तांब्याच्या अनेक तारांची हवी, आणि प्रत्येक तार कल्हई केलेली. पितळी पातेल्याला करतात तशीच कथलाची कल्हई. साधी तार ओल शोषून घेते आणि वेष्टणाच्या आत हातभर लांब काळी पडत जाते. बाहेरून काही कळत नाही. बोट धरणाच्या गोड्या पाण्यातच राहणार असेल तर साधी वायर काही वर्षं ओढेल, मालवणला न्यायची असेल तर कंजुषी नको.

जोडणीला नुसता डाग देऊ नका, म्हणजे सोल्डर करू नका. कथील तारांत चढतं, तिथं वायर कडक होते आणि इंजिनाच्या थरथरीनं बरोबर त्या कडेला तुटते. रॅचेटच्या पकडीनं थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची टोपी दाबा, वर आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी श्रिंक नळी.

किती एमएमची वायर?

इथं एमएम म्हणजे तांब्याच्या छेदाचे चौरस मिलिमीटर. दुकानदाराला विचारलं तर ‘अडीच घ्या’ म्हणतो. बऱ्याचदा बरोबरही असतं, पण हिशेब सोपा आहे. तांब्याचा रोध ०.०१७२ धरा. त्याला जाऊन-येऊन मीटरनं गुणा, करंटनं गुणा, एमएमनं भागा. जेवढे व्होल्ट वाटेत गळतात ते उत्तर.

पाच अँपिअरचा ब्लोअर (बोटीच्या तळातली हवा बाहेर काढणारा पंखा), बॅटरीपासून चार मीटर, म्हणजे जाऊन-येऊन आठ. दीड एमएमला ०.४६ व्होल्ट गळतात, बारा व्होल्टच्या जवळपास चार टक्के. अडीच एमएमला ०.२८, म्हणजे सव्वादोन टक्के. ब्लोअर आणि नेव्हिगेशनच्या दिव्यांना अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात तीन टक्क्यांची मर्यादा आहे, बाकीच्या किरकोळ गोष्टींना दहा. तेव्हा इथं दुकानदार बरोबर.

सहा व्होल्ट ठेवू की बारा करू?

वरचाच ब्लोअर सहा व्होल्टचा घ्या. तेवढ्याच कामाला दहा अँपिअर लागतात आणि गळायला परवानगी निम्मी. चौपट तांबं लागतं, म्हणजे दहा एमएम. सहा व्होल्टच्या बोटी ‘उठत नाहीत’ म्हणून बदनाम आहेत ते बहुतेक कुणी तरी मधल्या काळात बारीक वायरी घातल्यामुळं. सेल्फला जाड केबल द्या, टोकं घासून चकचकीत करा. सहा व्होल्टवरही इंजिन उठतं. मूळ इंजिन आणि डायनमो शाबूत असेल तर मी सहाच ठेवायला सांगतो. बारा करायचं तर बल्ब, कॉइल, डायनमो, कटआउट, विजेची मीटर, सगळ्यांचा विचार आला.

आणखी एक. बऱ्याच जुन्या बोटींत बॅटरीचं प्लस टोक अर्थला असतं. ब्रिटिश गाड्यांतही साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत तसंच होतं. लाल-काळ्याच्या सवयीनं बॅटरी उलटी लावू नका. आधी इंजिनाच्या ब्लॉकला कोणतं टोक जातं ते बघा आणि बॅटरीच्या खोक्यावर रंगानं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

वायरींचे रंग?

जुनी लुकास पद्धत असेल तर तपकिरी बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून इग्निशनवर चालणारी, काळी अर्थची. आजच्या अमेरिकन बोटींत इग्निशनला जांभळी, पेट्रोलच्या फ्लोटला गुलाबी, तेलाच्या दाबाला फिकट निळी. कोणतीही एक धरा, दोन्हीची भेळ करू नका. नकाशाची प्रत डॅशच्या मागं प्लॅस्टिकच्या पिशवीत.

फ्यूज कुठं?

बॅटरीच्या प्लसला शक्य तितका जवळ. वर सांगितलेल्या मानकात सात इंच म्हटलंय. प्लस अर्थला असेल तर अर्थात दुसऱ्या टोकाला. सेल्फची जाड केबल याला अपवाद. प्रत्येक फाट्याला वेगळा फ्यूज, आणि तो वायरीच्या कुवतीचा. वायरी वाचवणं हे त्याचं काम. सिगारेटच्या चांदीनं गुंडाळलेला फ्यूज आम्ही प्रत्येक बोटीत काढलाय.

पेट्रोल इंजिन आहे. काही विशेष?

आहे, आणि इथं चेष्टा नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. गाडीखालून ती निघून जाते, बोटीच्या तळात साठून राहते. एक ठिणगी पुरते. म्हणून सेल्फ, डायनमो, डिस्ट्रिब्यूटर, तळातला पंप हे बोटीसाठी बनवलेले, ठिणगी बाहेर न पडणारे घ्या. स्वस्त पडतो म्हणून गाडीचा अल्टरनेटर लावायला सांगणाऱ्या दोघांना मी परत पाठवलंय. ब्लोअरचं बटण डॅशवर सगळ्यात ठळक जागी, आणि किल्ली फिरवण्याआधी तो चार मिनिटं चालला पाहिजे. नाक मात्र आधी. झाकण उघडून वास घ्या.

पुराचं पाणी लागलेली बोट वाचते का?

२०१९ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३ असताना. त्यानंतर आणि २०२१ नंतर अशा बोटी, जीपा, देवघरं, सगळंच आमच्याकडं आलं. लाकूड वाचतं. उन्हात ठेवू नका, गाळ गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत, पंख्याखाली, महिना-दोन महिने. घाई केली तर व्हीनियर पापडासारखा फुगतो. वायरिंग वाचत नाही. गाळाचं पाणी वेष्टणात शिरलेलं असतं, ते आज चालतं आणि दिवाळीला पेटतं. पूर्ण काढा.

परवाना लागतो का?

यांत्रिक बोटीला नोंदणी लागते, त्यासाठी इनलँड व्हेसल्स कायदा २०२१ आहे. धरणात उतरवायची तर जलसंपदा खात्याची परवानगी वेगळी. डॅश चकचकीत झाल्यावर नव्हे, काम सुरू करतानाच चौकशी करा.

सगळं जोडलं. किल्ली फिरवू?

थांबा. मुख्य फ्यूज काढून त्या जागी हेडलाइटचा बल्ब लावा, बोटीच्या व्होल्टचाच. सगळी बटणं बंद असताना बल्ब अंधारा राहिला पाहिजे. प्रखर पेटला तर कुठं तरी शॉर्ट आहे, आणि वायर जळण्याऐवजी बल्ब पेटलाय. मग एकेक बटण दाबत जा. नेव्हिगेशनचे दिवे लावून बोटीच्या तोंडासमोर उभे राहा: तुमच्या उजव्या हाताला लाल आणि डाव्या हाताला हिरवा दिसला पाहिजे, कारण लाल बोटीच्या डाव्या बाजूला असतो. हे उलटं लावून आम्ही एकदा बोट थेट धरणापर्यंत नेली होती. काठावरच्या कोळ्यानं सांगितलं.

काढलेल्या सुती वायरी टाकून देऊ?

हातभर तुकडा ठेवा. मामांनी प्रत्येक बोटीचा एक तुकडा, एक जुना स्क्रू आणि व्हीनियरची एक साल बिस्किटाच्या डब्यात घालून त्यावर बोटीच्या मालकाचं आडनाव लिहिलंय. पुढच्या वेळी कुणी ‘मूळ रंग कसा होता’ म्हणून विचारलं की आम्ही तो डबा उघडतो.